मंजुळेचं पुढे काय झालं

आत्या,

काल मी सिनेमाला जाऊन आले. तुझं सुतक अजून फिटलेलं नाही, आणि मला आईनेच पाठवलं.

तुझा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नव्हता. तू थेटरात जातेस म्हणून जिने इतकी वर्षं भांडी आपटली, त्या बाईने कनवटीची चिल्लर काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "जा. शुक्रवारी पिक्चर उतरतोय."

मी म्हटलं, "आई, सुतक आहे."

"मला सांगू नको. मीच धरलंय ना ते?"

खरंच तिने धरलंय. भटजी म्हणाले होते, लग्न झालेली मुलगी, माहेरच्यांना तीन दिवस पुरेत. आईने मानही वर न करता विचारलं, "आणि नवऱ्याने टाकली तेव्हा तुमच्या शास्त्रात काय लिहिलं होतं?" आई पूर्ण तेरा दिवस धरणार आहे. देवांना हात नाही, फोडणी नाही, कुणाच्या दारात जाणं नाही. तुम्हा दोघींचा अबोला आठ आठ दिवस चालायचा आणि मधे मी बसलेली असायची. "आत्याला सांग, नळाला पाणी आलंय." "आईला सांग, माका ऐकू येता." एकाच खोलीत, हातभर अंतरावर. आता त्या अंतरात कुणी नाही, आणि आई अजून बोलताना मधेच माझ्याकडे वळते, निरोप द्यायला वळावं तशी.

हे तुला सांगायला बसले, कारण दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. जे झालं आहे ते तुझ्यामुळे झालं आहे, आणि ते निस्तरणं तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही.

कप्तान निर्भय. मी हे नाव कागदावर पहिल्यांदाच लिहिते आहे. सरकारचा गुप्तहेर, डोक्यावर तिरकी टोपी, प्रत्येक पिक्चरात एकदा समुद्रात उडी. दर दोनेक वर्षांनी परळच्या थेटरात त्याचा नवा पिक्चर लागायचा आणि तू पहिल्या आठवड्यात बायकांच्या क्लासात हजर असायचीस. पिक्चरांची नावं तू कधी लक्षात ठेवली नाहीस. तुझ्या लेखी ते खाणीचा, हत्तीचा, तारेचा, मुंबईचा, दुसऱ्या नटाचा, आणि आता हा दीपगृहाचा.

यांतला खाणीचा तेवढा मी पाहिला. लहान होते. खाणीत पाणी शिरलं तशी मी रडायला लागले आणि तुला शेवट टाकून मला बाहेर आणावं लागलं. थेटराच्या पायरीवर तू मला चणे घेऊन दिलेस आणि आतल्या टाळ्या ऐकत बसलीस. शेवट बघायला दुसऱ्या दिवशी परत गेलीस. त्यानंतर मी थेटरात पाऊल टाकलं नाही. पुढचे सगळे पिक्चर मी तुझ्या तोंडून पाहिले. मीच कशाला, आपल्या मजल्यावरच्या सगळ्याच बायकांनी.

गिरणीतली पहिली पाळी करून तू घरी यायचीस. वाइंडिंग खात्यात दिवसभर सूत गुंडाळून भुवयांपर्यंत कापसाची भुकटी बसलेली असायची. मोरीवर तोंड धुणं, खोकणं, पुन्हा तोंड धुणं. मग चहा. दिवेलागणीला गॅलरीच्या कठड्याला पाठ लावून बसायचीस. बसण्यावरूनच बायकांना कळायचं. मांडी घातली तर गावच्या गप्पा, एक गुडघा वर घेतला की पिक्चर. एका पिक्चरला तीनचार संध्याकाळी लागायच्या. थेटरातल्यासारखं इंटर्वलही करायचीस, आणि ते अशा जागी की शेजारची काशीबाई कपाळावर हात मारून म्हणायची, "आज माझ्या भाकऱ्या करपवणार ही बया."

पिक्चर हिंदी, पण तुझ्या तोंडून कप्तान निर्भय मालवणीत बोलायचा. त्याचे वैरी मालवणीत बोलायचे. गोरा साहेबसुद्धा "खंय चल्लंस रे निर्भया?" असं विचारून मगच पिस्तूल काढायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. हिंदीचं मालवणी करून सांगतेस, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

आई आत असायची. दार अर्धं लोटलेलं. पूर्ण का लावत नाहीस, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, वारा लागतो.

तुझी मतं ठाम होती. हत्तीचा वाईट, कारण त्यात निर्भयपेक्षा हत्तीलाच जास्त काम. तारेचा सगळ्यांत चांगला, यावर चर्चा नाही. दुसऱ्या नटाचा म्हणजे सरळ फसवणूक. जुन्या नटाला काढून नवा पोरगा घेतला होता. तू आलीस ती पायातल्या चपला भिरकावतच. "त्येचो खांदो बघ. हो पडलो तर परत उठाचो नाय." त्याच आठवड्यात तू तो पुन्हा पाहून आलीस. आतून आईचा आवाज आला, "मग दुसऱ्यांदा कशाला गेलात?"

"खात्री करूक," तू म्हणालीस.

सगळी गॅलरी हसली. आई आत बसून काही ऐकत नाही, असं त्या संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे मानत होतो.

तारेच्या पिक्चरावरून मात्र तुझं माझं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. निर्भय वैऱ्याला मारतो. परतीच्या वाटेवर एका घरात आसरा घेतो, आणि ते घर त्याच वैऱ्याच्या आईचं निघतं. मुलगा मेल्याची तार निर्भयच्या खिशात आहे, तिलाच पोचवायची आहे. म्हातारी त्याला मुलाचा मित्र समजते, पान मांडते, वाढते आणि विचारते, "माझो झील कधी येतलो?" निर्भय पानावरचं शितसुद्धा न टाकता जेवतो, "येतलो" म्हणतो आणि निघून जातो. तार खिशातच.

मी म्हणायचे, हा भेकडपणा आहे. खरं सांगायला हवं होतं.

"जेवक वाढणाऱ्या बाईक कोण तार दिता?"

"मग हात धुतल्यावर द्यायची."

"मगे तू जा आणि दी."

बाबांच्या माघारी तुझ्या पगारावर मी मॅट्रिक झाले, ट्रेनिंग कॉलेजात गेले, दादरच्या शाळेत मास्तरीण झाले. दुसऱ्याचं चुकलेलं दाखवण्याचा पगार मला मिळतो, असं तू काशीबाईला सांगायचीस आणि वर म्हणायचीस, "पण तारेचा तिका अजून कळलेलो नाय." महिने जायचे. मी पोरींचे पेपर तपासत असायची, तू कांदा चिरत असायचीस, आणि मधेच म्हणायचीस, "इचार केलंय मी. तार देऊक नकोच व्हती." कोणत्या तारेबद्दल, हे मला विचारावं लागायचं नाही. या भांडणाचा मला कंटाळा कधी आला नाही. हे तुला सांगायचं राहिलं.

मुंबईचा लागला तेव्हा चळवळ पेटलेली होती. गोळीबार होऊन गेला होता, संचारबंदी होती, थेटरं बंद, गिरण्या बंद, खाली डिलाईल रोडवर शिट्ट्यांशिवाय आवाज नाही. बायका घरात कोंडून बसलेल्या. तू पिक्चर त्याआधीच पाहून ठेवला होतास आणि त्या दिवसांत तो पुरवून पुरवून सांगितलास. शेवटी साहेब निर्भयला म्हणतो, सोन्याची रास घे पण ही मुंबई मला दे. त्यावर निर्भय म्हणतो, "मुंबई काय तुझ्या बापाशीची?" गॅलरीत असा गलका झाला की खालून पोलिसाने दांडा आपटला. मी रात्री तुला म्हटलं, "आत्या, हिंदी पिक्चरात असं वाक्य असेल? सेन्सॉर सोडेल?"

"चुकान ऱ्हवला आसात," तू म्हणालीस आणि कूस बदललीस.

मी हसले होते. एवढं एक वाक्य तुझं, बाकी सगळं पिक्चरचं, असं मनाशी ठरवून मोकळी झाले.

आणि आता दीपगृहाचा. जुना नट परत आला म्हणून तू थेटरातून तरंगत आलीस. "मेल्याचा पॉट सुटलाहा, पण चाल तीच आसा." त्याच संध्याकाळी गुडघा वर घेतलास. कोकणचा किनारा, शत्रूच्या बोटी, आणि खडकावरचं दीपगृह. तिथल्या रखवालदाराची मुलगी मंजुळा. बाप तापाने गेलेला, सरकारला अजून कळवलेलं नाही, कारण कळवलं तर दुसरा माणूस येणार आणि हिला तिथून काढणार. म्हणून ती एकटीच दिवा लावते आहे. तू सांगितलंस, तिच्या हाताला घट्टे कसे पडलेत, ती समुद्राशी कशी भांडते, दिव्याची काच पुसताना बापाशी कशी बोलते. पहिल्या दोन संध्याकाळी निर्भय जेमतेम आला, सगळी मंजुळाच. काशीबाई म्हणाली, "निर्भय राहू दे गो, पोरीचं सांग." तिसऱ्या संध्याकाळी वैऱ्याच्या माणसांनी दीपगृहाचं दार बाहेरून बंद केलं. निर्भयची होडी अंधारात खडकांकडे येते आहे. दिवा विझला की होडी फुटणार. दिव्यातलं तेल संपत आलंय. मंजुळा कोपऱ्यातला शेवटचा डबा उचलते.

"उरलेला उद्या," तू म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी तुझा घसा बसला होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी ताप. गिरणीतला खोकला तुला नेहमीचाच, म्हणून आम्ही काढा देत राहिलो. मग हॉस्पिटल. फुप्फुसाला सूज आहे, डॉक्टर म्हणाले, बोलायला लावू नका. आई पेज घेऊन आली. तुझ्या उशाशी वाकून काहीतरी पुटपुटली. मी पाणी आणायला उठले होते, पण ऐकलं. ती विचारत होती, "वन्सं, त्या पोरीचं काय झालं ते तरी सांगा."

तू हसलीस. हात थोडा उचललास, थांबा म्हणावं तसा. पहाटे तू गेलीस.

तुला नेत होते त्या सकाळी नाक्यावर मोर्चा होता. घोषणा देणारी माणसं आपोआप बाजूला झाली, टोप्या काढल्या. एकाने विचारलं, "कोण होतं?" कुणीतरी म्हणालं, "वाइंडिंगमधली बाई." तो म्हणाला, "अरेरे," आणि आपण पुढे गेल्यावर घोषणा पुन्हा सुरू झाल्या. नाक्यावरच्या फळ्यावर चळवळीत गेलेल्यांची नावं आहेत. रोज कुणीतरी ती खडूने पुन्हा गिरवतं. त्यांच्यासाठी सगळं शहर रडलं आणि ते बरोबरच होतं. तुझ्यासाठी एक मजला रडतो आहे. मला ते फार अपुरं वाटतं आणि कुणाकडे तक्रार करावी ते कळत नाही.

बायका समाचाराला येत राहिल्या. थोडा वेळ तुझ्याबद्दल बोलायच्या, डोळे पुसायच्या आणि मग थांबून जायच्या. उठायच्या नाहीत. शेवटी काशीबाईनेच विषय काढला. "राग मानू नका हो, पण रात्री डोळा लागत नाही. ती पोर तिथे कोंडलेली."

"तुम्ही जाऊन बघा ना पिक्चर," मी म्हटलं.

"आम्ही? हिच्या माघारी?" तिने कानाला हात लावला. "बरं दिसेल का ते?"

म्हणून मग आईने मला पाठवलं. घरातलं माणूस पाहून आलं तर ते बाहेरच्याने पाहिल्यासारखं होत नाही, असा काहीतरी तिचा हिशेब असावा. तिने शेजारपाजारच्यांना सांगितलं, शाळेत काम आहे. शाळेला रजा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बायकांच्या क्लासात तू कुठे बसायचीस ते मला माहीत नव्हतं, म्हणून कडेच्या बाकावर बसले. निर्भय आला. पोट सुटलेलं आहे, तू म्हणालीस ते खरं. चालही तू काढून दाखवायचीस तशीच. मला हुंदका आला, पुढच्या बाईने मागे वळून पाहिलं. मग मी मंजुळेची वाट पाहू लागले. विमानतळ झाला, नाच झाला, दिल्लीतला मोठा साहेब झाला. मंजुळा नाही. इंटर्वलच्या थोडं आधी समुद्र आला, खडक आला, दीपगृह आलं. मी बाकाची कड धरली. निर्भयची होडी आली, वरचा दिवा आपला फिरत होता, आणि होडी निघून गेली. निर्भयने वर पाहिलंसुद्धा नाही. दीपगृहात कुणीच नव्हतं. इंटर्वलनंतर सगळी गोष्ट एका राजवाड्यात गेली आणि तिथेच संपली.

लोक उठले तरी मी बसून होते. डोअरकीपर म्हणाला, "बाई, खलास." मला वाटलं, आणखी एखादं रीळ राहिलं असेल.

घरी येताना मी रस्ता चुकले. रोजचा रस्ता. डोक्यात एकच होतं, ती म्हातारी. तारेच्या पिक्चरातली. तीही नव्हती का, आत्या? तो पिक्चर आता कुठेही लागत नाही. मला कधीच कळणार नाही. पण मला वाटतं, ती नव्हती. निर्भयने कुणाच्या घरी जेवण केलं नाही, कुणापासून तार लपवली नाही. तशा कुणा खऱ्या बाईला काही न सांगता उठून आलीस ती तू. आणि मी इतकी वर्षं एका नटाला भेकड म्हणत राहिले. तू एकदा तरी म्हणायचंस, ते माझं आहे. मी वाद घातला नसता. किंवा घातला असता, पण निराळा. तुला काय काय ठाऊक होतं, कुणाच्या पानावर बसून तू गप्प राहिली होतीस, ते विचारलं असतं. विचारायला इतका मोठा प्रश्न माझ्या हाताशी होता आणि मी टोपी तिरकी का, पिस्तुलात गोळ्या किती, असलंच विचारत बसले.

गॅलरीत सगळ्या जमल्या होत्या. तुझी कठड्याजवळची जागा सोडून. मी जिन्यावरून दिसले तशी काशीबाई म्हणाली, "आली, आली." आईने माझा दंड धरला, आत घेतलं आणि दार लोटलं. अर्धं नाही, पूर्ण.

"सांग."

"आई, मंजुळा नाहीच पिक्चरात."

"मेली?"

"नाही. मुळातच नाही. अशी मुलगीच नाही त्यात."

"डोळा लागला असेल तुझा. एवढी जागरणं झाल्येत."

"नाही."

"मधे खांब असेल. वन्सं सांगायच्या, त्या क्लासात खांब येतो मधे."

"आई, मी सगळा पाहिला. दीपगृह आहे. आत कुणी नाही."

ती चुलीपाशी बसली. मला वाटलं, तुझ्यावर चिडेल. नेहमीसारखं म्हणेल, तुझ्या आत्याचं सगळं असंच. त्याचीच मी वाट पाहत होते. तेवढं म्हणाली असती तरी घर पहिल्यासारखं वाटलं असतं.

बाहेरून काशीबाईने हाक मारली, "काय हो, आली का होडी?"

आई उठली, दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली. तिला खोटं बोलायला येत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणाली, "आली. सुखरूप आली."

"आणि पोर?"

आईने पदर सारखा केला. "ते वन्संनाच ठाऊक," ती म्हणाली.

एकेक करून बायका उठल्या. काशीबाई उठताना कठड्याकडे पाहून म्हणाली, "अगो, असं करतात का कधी?" ते तुलाच होतं.

आई आत आली आणि पुन्हा त्याच जागी बसली. मी दिवा लावायला उठले तर म्हणाली, राहू दे. मग अंधारातच, माझ्याकडे न वळता, बोलली, "त्या डब्यात तेल असून असून किती असेल? एव्हाना संपलं असेल."

आत्या, ते तू सांगितलं नव्हतंस. ते आईचं होतं.